शेवंती

लेमस्टरच्या बाजारात सहा पिल्लं घेतली
तेव्हा विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता,
सगळ्या माद्या.
एक पिवळीधमक होती. तिचं नाव मी शेवंती ठेवलं.

चौथ्या महिन्यात शेवंती आरवली.
की आरवला.
त्या दिवसापासून आमच्या परसात
व्याकरणाला थारा नाही.
शेवंती आला, शेवंती उडाला,
शेवंतीनं माझ्या पोटरीत नखी रोवली.

नखी म्हणजे नुसतं नख नव्हे.
टाचेच्या जरा वर, आतल्या अंगाला, शिंगासारखं टोक.
जीन्समधून आरपार.
डॉक्टरीणबाई धनुर्वाताचं इंजेक्शन भरत म्हणाल्या, कुत्रा का?
मी हो म्हटलं.
खरं सांगायची लाज वाटली.

दिगंबर स्वयंपाकघराच्या खिडकीत,
हातात चहाचा मग.
"अगं, कोंबडा आहे तो, वाघ नाही!"
मे महिन्यात हे मी रोज ऐकलं.

कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं धरून
दाणे टाकायला गेले. झाकणावर पोचे पडले.
पाण्याचा पाइप सोडला,
तो अंघोळ करून दुप्पट ताजातवाना होऊन आला.
झाडू मात्र त्याला फार आवडला.
तोलामोलाचं कुणीतरी भेटलं, असं वाटलं असावं.

त्यात पलीकडच्या मिसेस प्रॉबर्टची चिठ्ठी,
पहाटेच्या आवाजाबद्दल.
मग रात्री त्याला खोक्यात घालून वर गोधडी.
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,
हे मी शाळेत दहा वेळा लिहिलं असेल,
करून कधी पाहिलं नव्हतं.
इकडे जूनमध्ये तांबडं चारच्या आधीच फुटतं
आणि गोधडीच्या आत त्याला ते कळतं.

शेवटी मिसेस प्रॉबर्ट स्वतःच आल्या,
वय एक्याऐंशी, पायात घरातल्या सपाता.
दारातलं वर्तमानपत्र उचलावं तसा त्यांनी त्याला उचलला,
काखोटीला मारला.
म्हणाल्या, मारलंस तर त्याला वाटतं तूही कोंबडा.
पळालीस तर वाटतं कोंबडी.
दोन्ही होऊ नकोस.
मग काय होऊ?
काही नको. त्याला घे आणि तुझी कामं कर.

मग मी एका हातानं कपडे वाळत घातले.
एका हातानं वाटाणे सोलता येत नाहीत, तेही कळलं.
मिरजेहून ताईचा फोन आला,
मागे काय गं घुरघुरतंय?
शेवंती.
शेवंती कोण?
पाऊण तास गेला.

एवढा दरारा, आणि वजन जेमतेम तीन किलो.
बाकी सगळी पिसं.
पहिले आठ दिवस त्याचं काळीज माझ्या बरगडीवर
शिलाई मशीनसारखं धावत होतं.
नवव्या दिवशी मंदावलं.
मान खाली आली, आणि डोळ्यांवर
खालून वर एक राखाडी पापणी चढली.
कोंबडे डोळे असे मिटतात.
इतक्या जवळून मी कुणाचेच मिटताना
बरेच दिवसांत पाहिले नव्हते.

एकदा आभाळात घारीसारखं काहीतरी फिरलं.
त्यानं घशातून एक बारीक, लांब सूर काढला,
पाचही जणी कुंपणाखाली.
मीही कुंपणाखाली.
उघड्यावर तो एकटा, एक डोळा वर लावून.

आता मी आले की तो बाजूला होतो,
मातीत काही सापडल्याचं सोंग करतो.

काल अंडी आणायला दिगंबर गेला.
सफरचंदाच्या झाडाला दोन फेऱ्या झाल्या,
एक चप्पल गवतात राहिली.
मी खिडकीत, हातात मग.
"अरे, शेवंती आहे ती," मी ओरडले, "वाघ नाही!"

युक्ती सांगणार आहे त्याला.
चहा संपू दे.